भोंगा, शिफ्ट आणि दहा बाय दहाची खोली: आपलं शहर कामगारांचं कसं झालं

मागच्या भागानंतर एका श्रोत्यानं मेसेज केला होता. "अमेरिकेतली औद्योगिक क्रांती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली, पण माझे वडील वाळूजला लागले त्याचा इतिहास कुठं वाचायचा?" प्रश्न मला आवडला, म्हणून आजचा भाग त्यावरच. जाऊया थेट छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत. पण त्याआधी दोन मिनिटं अमेरिकेत डोकावू, कारण धागा तिथूनच येतो. आणि धागा म्हणजे खराखुरा धागा, कापसाचा.

लॉवेल ते गिरणगाव

१८२०च्या दशकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नदीकाठी लॉवेल नावाचं गाव वसवलं गेलं, तेच मुळी कापडगिरण्यांसाठी. कामाला कोण? आसपासच्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली. दिवसाला बारा-तेरा तास काम, राहायला कंपनीची बोर्डिंग, रात्री दहाला दार बंद. शेतात सूर्य बघून काम करणाऱ्या मुली आता घंटेवर उठायला लागल्या. पगार कापला तेव्हा १८३४ला त्यांनी काम बंद केलं. बोर्डिंगचा खर्च वाढला तेव्हा १८३६ला परत. पुढं आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तिथून उपाशी माणसं बोटी भरून आली आणि कमी पगारात त्याच यंत्रांवर उभी राहिली.

आता त्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा? दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांनी वेचलेला. १८६१ला तिथं यादवी युद्ध पेटलं, तो कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्याकडं वळली. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, अनेकांची दिवाळी निघाली. पण मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६लाच सुरू झाली होती. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या आणि गिरणगाव उभं राहिलं. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा आणि गावाला मनीऑर्डर पाठवायचा.

तुम्हाला रविवारची सुट्टी मिळते ना? गिरणी कामगारांना ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ला कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-सभा सुरू ठेवल्या आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली बरं का, एका वारासाठी!

आपल्याकडं पहिला भोंगा

आता आपलं शहर. इथं काम नव्हतं असं मुळीच नाही. हिमरू विणणारे होते, पैठणला पैठणी होती, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात हातानं कागद बनत होता. पण ते काम घरातलं किंवा गल्लीतल्या कारखान्यातलं. बाप शिकवायचा, पोरगा शिकायचा. घड्याळ भिंतीवर असलं काय नि नसलं काय.

निजामाच्या राज्यात, १८८९ला औरंगाबादेत सूत कातायची आणि कापड विणायची गिरणी उभी राहिली. साधारण सातशे लोक तिथं कामाला होते. आज सातशे आकडा किरकोळ वाटेल, पण १९०१ला या शहराची वस्तीच सदतीस हजारांच्या आसपास होती. विशेष म्हणजे, गिरणी आली तेव्हा इथं रेल्वे नव्हती. ती आली १९००ला, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मनमाडहून औरंगाबाद, जालना करत पुढं हैदराबादकडं. रूळ पडले आणि लगेच जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. एकट्या जालन्यातच थोड्या वर्षांत नऊ जिनिंग आणि पाच प्रेस झाले. सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि रेल्वेत चढवायच्या.

हा रेल्वेमार्ग लक्षात ठेवा. शेवटी आपण पुन्हा त्याच्यावर येणार आहोत.

पण इथंच एक अडचण होती. जिनिंगचं काम हंगामी. कापूस आला की चार-सहा महिने मजुरी, नंतर परत शेत नाहीतर रिकामे हात. त्यामुळं मुंबईसारखं गिरणगाव इथं वसलंच नाही. कापूस आपला, मजूर आपला, पण गाठी बाहेर जायच्या आणि नफाही त्यांच्यासोबत. १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला, तोवर आपल्याकडचा पोरगा कामासाठी मुंबई-पुण्याचीच गाडी धरत होता.

एमआयडीसी येते

१९६२ला एमआयडीसी स्थापन झाली. आधी रेल्वे स्टेशनजवळचा भाग, मग चिकलठाणा, मग वाळूज, मग शेंद्रा. मधल्या काळात १९७२चा दुष्काळ पडला. ज्यांनी पाझर तलावावर खडी फोडली, त्या घरांतल्या पुढच्या पिढीनं ठरवलं की आता फक्त शेतीच्या भरवशावर राहायचं नाही. पैठणला जायकवाडी धरण झालं, पाण्याची सोय झाली. सिडकोनं एन-वन, एन-टू अशी नगरं आखली. आणि १९८५ला वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. एक मोठा कारखाना आला की त्याला नट-बोल्टपासून सीट कव्हरपर्यंत पुरवणारे पन्नास छोटे कारखाने लागतात. तेही आले.

परिणाम जनगणनेत दिसतो. १९५१ला पाऊण लाखाच्याही आत असलेलं शहर १९९१ला पावणेसहा लाखांच्या घरात गेलं आणि २०११ला साडेअकरा लाखांच्या वर.

आता आकडे बाजूला ठेवू आणि माणसांकडं बघू. बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाणा इथून आयटीआय करून पोरं आली. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर ही गावं बघता बघता बदलली. ज्यांची जमीन गेली, त्यांनी उरलेल्या जागेवर खोल्या काढल्या. वर पत्रा, दहा बाय दहा, एका ओळीत आठ-दहा, शेवटी कॉमन संडास. एका खोलीत चार पोरं. फर्स्ट शिफ्टवाला उठतो तेव्हा नाइटवाला येऊन त्याच गादीवर आडवा होतो. लॉवेलच्या बोर्डिंगमध्ये घंटा होती, गिरणगावात भोंगा होता, इथं मोबाइलचा अलार्म आणि कंपनीची बस. मधे दीडशे वर्षं गेली, पण झोपेचा हिशेब तोच.

कारखान्याच्या आत कोण, बाहेर कोण

लोक म्हणतात, कारखान्यात जात चालत नाही, मशीन सगळ्यांना सारखं. अर्धं खरं आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगार विणकाम खात्यात होता आणि तिथं अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सवर्ण कामगारांना ते 'विटाळाचं' वाटायचं. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. संपाच्या मागण्यांत सगळ्यांची एकी, पण खात्याच्या दारात नाही, हे कसं चालेल?

त्याच बाबासाहेबांनी १९५०ला आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. गावकीची कामं सोडून शहराकडं निघालेल्या कितीतरी घरांसाठी एका हाताला हे कॉलेज होतं आणि दुसऱ्या हाताला, पुढं, एमआयडीसीचं गेट. गावात आडनावावरून ओळखणारं जग इथं निदान आठ तास टोकन नंबरवरून ओळखायला लागलं. ही गोष्ट लहान नाही.

मात्र गेटच्या आत नवी उतरंड तयार झाली. पर्मनंट, ट्रेनी, टेम्पररी, कॉन्ट्रॅक्ट. मशीन तेच, काम तेच, कधी कधी डबाही एकाच टेबलावर, पण पगाराच्या स्लिपमध्ये फरक. सहा-सात महिने झाले की 'ब्रेक', मग नवा ठेकेदार, नवं कार्ड. 'पर्मनंट आहे का?' हा प्रश्न आता सोयरिकीच्या बैठकीतही विचारला जातो. मुलीचे वडील शेत किती हे नंतर विचारतात.

आणि नंतरच्या काळात आपल्याच पोरांच्या शेजारच्या खोलीत उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशचे कामगार आले. आपण त्यांना सरसकट 'भय्या' म्हणून मोकळे होतो. लॉवेलमध्ये आयरिश माणसाबद्दल आणि मुंबईत एकेकाळी बाहेरून येणाऱ्या घाटी-बिगरघाटी सगळ्यांबद्दल अशीच नाकं मुरडली गेली. स्वस्त मजूर हवा असतो, शेजारी नको असतो.

तोच रेल्वेमार्ग

आता रेल्वेकडं येऊ. २०२०चा लॉकडाऊन. कामं बंद, बस बंद, रेल्वे बंद. जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे काही कामगार रुळांवरून चालत निघाले. भुसावळला पोचलो तर गावाकडं गाडी मिळेल, एवढीच आशा. करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपले. ८ मे २०२०च्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जणांचा जीव गेला. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

१९००ला याच मार्गानं कारखानदारी आपल्याकडं आली. १२० वर्षांनी त्याच मार्गावरून तिचे कामगार पायी परत निघाले होते, कारण ज्या शहरांनी त्यांचं काम घेतलं त्यांनी त्यांना राहा, थांबा, असं म्हटलं नाही. मला वाटतं, एखादं शहर औद्योगिक झालं की नाही हे चिमण्या मोजून कळत नाही. तिथं काम थांबल्यावर कामगाराला थांबता येतं का, यावरून ते कळतं.

आज शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ऑरिक सिटी उभी राहतेय. रस्ते रुंद आहेत, प्लॉट आखीव आहेत. चांगलंच आहे. पण तिथं काम करणारी माणसं कुठं राहतील, किती भाड्यात, आणि पाणी किती दिवसाआड येईल, हे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. लॉवेल, गिरणगाव आणि वाळूज, तिन्ही ठिकाणी ते उशिरा विचारले गेले.

जाता जाता एक काम. तुमचे वडील, काका, आत्या, मावशी, कुणीही एमआयडीसीत कामाला असतील, तर फोनचा रेकॉर्डर सुरू करा आणि तीनच गोष्टी विचारा. कोणत्या साली आलात? पहिला पगार किती होता? पहिली खोली कुठं होती? त्या श्रोत्यानं विचारलं होतं ना, हा इतिहास कुठं वाचायचा? बराचसा अजून लिहिलेलाच नाही. तो तुमच्या घरात चहा पीत बसलाय, नाइट शिफ्टला जायच्या आधी विचारून घ्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!