मोरी आणि कालवा

बदलीच्या हुकुमाने बंगळुरास येणाऱ्या मराठी माणसास पहिली उणीव जाणवते ती नदीची. पुण्यास मुठा आहे, नाशिकास गोदा आहे, वाईस कृष्णा आहे. बंगळूर मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील एका कण्यावर वसलेले. पाणी येथे येत नाही. येथून निघून जाते. “या गावास नदी नाही” असे आम्हीही तीन वर्षे पाहुण्यांस सांगत आलो. परवा एका रविवारी शांतीनगरच्या बसस्थानकाजवळ, पूर्वी ज्या नाल्यापाशी नाकास रुमाल लावीत असू, त्याच्याच काठाने आम्ही सहकुटुंब चालत गेलो. आणि आपले सांगणे किती अपुरे होते ते उमगले.

केंपेगौडाने १५३७ मध्ये हे नगर वसविले, तेव्हा नदीची उणीव त्याने तळ्यांनी भरून काढली. धर्मांबुधी, केंपांबुधी ही त्यांतील प्रसिद्ध नावे. पुढे उतारावर एकाखाली एक अशी तळ्यांची माळच झाली. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी निघावे आणि कालव्याने खालच्या तळ्यात जावे, अशी ही रचना. तळ्याची तोटी उघडून शेतास पाणी देणाऱ्यास ‘नीरगंटी’ म्हणत, आणि मोठ्या कालव्यास ‘राजकालुवे’. आपला ‘कालवा’ आणि हा ‘कालुवे’ एकाच घरचे! धर्मांबुधीकडून बेल्लंदूरच्या तळ्याकडे उतरणारा हा प्रवाह त्यांपैकीच एक.

१६३८ मध्ये शहाजीराजे विजापूरच्या फौजेबरोबर येथे आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. जयराम पिंड्ये याने वर्णिलेला त्यांचा दरबार येथलाच. त्यांच्याबरोबर आलेली कारकून-मंडळी आमच्यासारखीच परमुलखी नेमलेली. पाणी त्यांनाही मिळाले असेल ते याच तळ्या-विहिरींचे.

१८९४ मध्ये हेसरघट्ट्याचे पाणी नळाने शहरात आले आणि तळ्यांची गरज हळूहळू सरली. धर्मांबुधीच्या जागी बसस्थानक झाले, संपंगीच्या तळ्यावर कंठीरव क्रीडांगण उभे राहिले. तळी गेली, तेव्हा त्यांना जोडणाऱ्या कालव्यास काय काम उरले? दप्तरात त्याचे नाव ‘स्टॉर्म वॉटर ड्रेन’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मोरी’. हा शब्दही आपल्यास परका नाही. नोंदीत नाव बदलले की वस्तूचे भाग्य बदलते, हे आम्हां कारकुनांहून अधिक कोण जाणतो? मोरी म्हटल्यावर तीत मैला सोडण्यास कोणास संकोच वाटला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत बेल्लंदूरच्या तळ्याने अक्षरशः पेट घेतला. २०२२ च्या सप्टेंबरात, वाटा बुजलेले पाणी त्याच बाजूच्या वस्त्यांत शिरले.

२०२० नंतर या प्रवाहाच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. नकाशावर तो ‘के-१००’. गाळ काढणे, मैल्याच्या नळ्या वेगळ्या वळविणे, शुद्ध केलेले पाणी सोडणे, काठाने नऊ किलोमीटरांहून अधिक लांबीची पायवाट करणे, अशी ती योजना. आम्ही पाहिला तो तुकडा नीटनेटका होता: दगडी बाके, कोवळी झाडे, खाली पाण्याची बारीक धार. एके ठिकाणी भिंतीतून काळे पाणी अजून झिरपत होते, हेही सांगितले पाहिजे. काम पुरे झालेले नाही. आणि झाले तरी ते रोज राखावे लागेल. नीरगंटी होता तो त्याचसाठी.

बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमच्या मोडक्या कानडीत आम्ही विचारले, “अजोबा, ही मोरी कोठवर जाते?” त्यांनी हात हलवून आमची चूक सुधारली. “मोरी नव्हे,” ते म्हणाले, “कालुवे.”

पुढच्या बदलीचा हुकूम केव्हा येईल ते आम्हांस ठाऊक नाही. तोवर येणाऱ्या पाहुण्यांस मात्र आम्ही त्या काठी नेणार आहोत.