तर्खडकर, लोकल आणि उलटा वर्ग

दर शनिवारी दुपारी मी आणि ऑफिसातले दोन मित्र डोंबिवलीत आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, प्रयत्न करतो. तिघंही पडलो इंजिनिअर, त्यामुळे आधी 'सिस्टिम' उभी करायची हौस. ठरलं की वर्गात व्याकरण शिकवायचंच नाही. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ करायचे, मुलांनी ते घरी बघून यायचं आणि वर्गातला सगळा वेळ बोलायला ठेवायचा. यालाच हल्ली फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. पहिल्या शनिवारी २२ मुलांपैकी व्हिडिओ बघून आले ४! (त्यातला एक माझ्या मावशीचा मुलगा. तो धरायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.)

घरी येऊन कुरकुर केली तर बाबा शांतपणे उठले आणि कपाटातून एक पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन आले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. "आम्ही हे घरीच करत होतो की. तुमचं नवीन काय त्यात?"

आली का पंचाईत! रविवार त्या पुस्तकातच गेला.

तर्खडकर म्हटलं की आधी दादोबा पांडुरंग आठवतात, १८३६ साली मराठीचं व्याकरण छापणारे. पाठमालेचे तर्खडकर निराळे, द्वारकानाथ राघोबा. तीन भागांच्या या पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मांडणी साधी. नियम मराठीतून समजावलेला, सोबत शब्दांची यादी, मग इंग्रजी वाक्यं मराठीत करायची आणि मराठी वाक्यं इंग्रजीत. ही वाक्यं एकमेकांशी इतकी फटकून असतात की त्यावर विनोद झाले. पण मला गंमत वाटली ती वेगळीच. पायरीमागून पायरी अशी चढत जाते की शिकवायला कोणी नसलं तरी अडत नाही. मास्तर पुस्तकातच बसवलाय.

बाबा मशीद बंदरला एका पेढीत कारकून होते. डोंबिवलीहून स्लो लोकलचा सव्वा तास. बसायला मिळालं तर मांडीवर पाठमाला, नाहीतर कालची वाक्यं मनातल्या मनात. आजही सोसायटीची इंग्रजी पत्रं तेच लिहितात, चूक शोधून सापडायची नाही. पण साहेबाच्या टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून इंग्रजी आलं की रिसीव्हर शेजारच्याच्या हातात. "हेडक्लार्कची जागा त्या फोननं घालवली," असं ते हसत सांगतात. हसतात खरे, पण इतक्या वर्षांनीही सांगतात.

म्हणजे तर्खडकरांकडे उलट्या वर्गाचा घरातला अर्धा भाग अगदी चोख होता. वर्गातला अर्धा नव्हताच.

तो अर्धा भाग किती महत्त्वाचा हे अमेरिकेतल्या कहाणीतही दिसतं. कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक. मुलांचे तास बुडायचे, म्हणून २००७ साली त्यांनी आपले धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. सगळेच जर घरी धडा बघणार तर वर्गात करायचं काय? तर जिथे मूल अडतं तिथे त्याच्याशेजारी जाऊन बसायचं. २०१२ साली त्यांचं पुस्तक आलं आणि हे नाव जगभर झालं. व्हिडिओ हे निमित्त, मोकळा झालेला तास हा खरा माल. आम्ही मात्र महिनाभर मायक्रोफोनची चर्चा करत होतो. असो.

महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. मी त्याच लाटेतला. आमच्या बाई स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या, त्यांचीही बोलताना तारांबळ व्हायची. अशा वर्गांसाठी पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसनं 'वुई लर्न इंग्लिश' हे रेडिओचे धडे केले. रेडिओ प्रश्न विचारतो, थांबतो, आणि वर्ग मोठ्यानं उत्तर देतो. केनियात १९८० च्या दशकात इंग्रजी असंच शिकवलं गेलं. हा म्हणजे उलट्या वर्गाच्याही उलट. मास्तरच बाहेरून वर्गात आणलेला. पण मुलं बोलत होती!

आणि घरच्या अर्ध्या भागाचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड आणले, धडा स्कॅन करायचा की व्हिडिओ नाहीतर कविता हजर. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. परितेवाडीतल्या मुलींची घरची भाषा कन्नड, म्हणून त्यांनी आधी ती भाषा शिकून पुस्तकं त्यात नेली होती. क्यूआर कोडच्या गर्दीत ही गोष्ट लोक विसरतात. तर्खडकरांचंही तेच, समजावणं आपल्या भाषेत.

आमचे व्हिडिओ? शुद्ध इंग्रजीत. वर फोन लागणार.

पुढच्या शनिवारी मुलांनाच विचारलं. कुणाचा फोन बाबांबरोबर रात्रपाळीला जातो, कुणाकडे ताईचा क्लास आधी, कुणाचा नेटपॅक संपलेला. एक मुलगी म्हणाली, "दादा, घरी मोठ्यानं इंग्रजी बोललं की सगळे हसतात." यावर मला काही सुचलं नाही.

मग व्हिडिओ गुंडाळले. आता एकच छापील कागद. नियम मराठीत, १० शब्द, ६ वाक्यं, तर्खडकरी पद्धतीनं. ज्यांना जमेल त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपवर ३ मिनिटांचा आवाज, उच्चारापुरता. मागच्या वेळी २२ पैकी १७ कागद भरून आले. वर्गात दोघांना पाठीला पाठ लावून बसवतो, हातात फोन असल्याचं नाटक, आणि त्याच सहा वाक्यांवर बोलायचं. हसायचं तर सगळ्यांनीच.

कागदावरची वाक्यं आता बाबा लिहून देतात. शनिवारी वर्गात या म्हटलं तर म्हणाले, "येतो. पण त्या फोनच्या खेळाला मला बसवू नका."