काळा रुमाल

आमच्या हेदवीत धूर म्हणजे चुलीचा, नाहीतर शिमग्यातल्या होमाचा. बामणघळीतलं पाणी अंगावर घेत वाढलेल्या मला धुराचा दुसरा अर्थ कळला तो बी.ए. होऊन मुंबईला नोकरी शोधायला गेलो तेव्हा. साल १९९४. चाचा टॅक्सी चालवत. रात्री खोलीवर आले की रुमालानं नाक पुसत आणि तो मला दाखवून म्हणत, "बघ, आजची कमाई!" रुमाल काळा झालेला असे.

धुराची तक्रार मुंबईला नवी नव्हती. १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. पण त्याचा रोख भट्ट्यांवर, गिरण्यांच्या धुराड्यांवर. रस्त्यावर तेव्हा घोडागाड्या आणि विजेच्या ट्राम होत्या. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. आज विजेच्या बसचं कौतुक करताना हे आठवतं, एवढंच.

नव्वदच्या दशकात डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. अनेकांनी जुन्या पद्मिनीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं. चाचांनीही बसवलं. त्या फरकातूनच मुलींच्या फिया निघत.

१९९९ मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'ची याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायालयानं परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली आणि पुढं जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. चाचा संतापले. "ट्रकवाले मोकळे, मोठ्या गाड्यांचे साहेब मोकळे, आणि आधी आम्हीच का?" मी शिकलेला. मी न्यायालयाची बाजू घेऊन त्यांना फुफ्फुसांवर व्याख्यान दिलं. तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. आदेश योग्यच होता असं मला आजही वाटतं. पण किटसाठी कर्ज कोण काढणार, पंपावरच्या रांगेत मोडलेले तास कोण भरून देणार, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. खोकत होते तेही तेच, आणि हप्ते फेडत होते तेही तेच.

सीएनजी आला आणि रुमाल खरंच उजळला. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण गाड्या वाढतच गेल्या, आणि धुरातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. अडीच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग! ते थेट फुफ्फुसात उतरतात. आपल्या देशानं त्यांची मर्यादा २००९ मध्ये ठरवली : वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ५ सांगितली. मुंबईत 'सफर'चे रोजचे आकडे २०१५ पासून कळू लागले. तोवर चाचा गावी परतले होते. खोकला सोबत घेऊनच.

चाचा आता नाहीत. ते चालवत त्या पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. डिसेंबरात हेदवीला दशभुजा गणपतीच्या दर्शनाला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. थांबल्या तरी एसीसाठी इंजिनं चालूच. परवा त्या रांगेशेजारून चालत आलो आणि घरी येऊन रुमालानं नाक पुसलं. रुमाल पांढराच होता. तरी मी तो खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला.