शिक्का, मोर्तब आणि बार : खरेपणाच्या पडताळणीची परंपरा

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज मराठीत केवळ अंतिम संमती या अर्थी रूढ आहे. परंतु मराठी राज्याच्या पत्रव्यवहारात शिक्का आणि मोर्तब या दोन निराळ्या मुद्रा होत्या व त्यांची कार्येही निराळी होती. शिक्का पत्राच्या आरंभी उमटे. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे त्यावरून कळे. मोर्तब मजकुराच्या अखेरीस येई. ‘मुरत्तब’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘नीट लावलेले’ असा आहे. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे मजकुराची सीमाच दाखवितात. त्यापुढे कोणी एखादी ओळ घुसडल्यास ती उघडी पडे. करवीर राज्याच्या कागदांतही हीच परंपरा चालू राहिली.

तथापि मुद्रेची नक्कल होऊ शकते. म्हणूनच दफ्तरात नोंद होऊन कागदावर ‘बार’ असा शेरा पडे. वतनाच्या तंट्यात कागदाविषयी संशय उत्पन्न झाल्यास तो मूळ दफ्तराशी ताडून पाहता येई. मुद्रा ही खूण होय. प्रमाण मात्र दफ्तर.

या भेदाचे महत्त्व ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत शिरून चोरांनी एकूण सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील, तसेच भारतातील एटीएम यंत्रांतून रक्कम काढण्यात आली. त्यांत कोल्हापूरचीही यंत्रे होती. १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँकेत वळविण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले.

येथे कार्डाची नक्कल ही गौण बाब होती. एरव्ही एटीएम यंत्राची विचारणा बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत जाते व तेथून संमती येते. चोरांनी मध्येच एक खोटा दुवा बसविला आणि मूळ हिशेबास न विचारता तोच संमती देऊ लागला. जुन्या परिभाषेत बोलावयाचे, तर मोर्तब उमटत होते. बार मात्र होत नव्हता.

सामान्य माणसाची फसवणूकही बहुधा याच रीतीने होते. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याची बतावणी करून दूरध्वनीवर ओटीपी मागणारा मनुष्य पदनाम, बोधचिन्ह, सरकारी भाषा ही सारी मुद्रा दाखवितो आणि ‘फोन ठेवू नका’ असे बजावून दफ्तराकडे जाणारी वाट तेवढी अडवितो. अशा वेळी फोन ठेवून, पासबुकावरील क्रमांकावर स्वतः विचारणा करणे हाच बार होय. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंबाने रक्कम अडविणे दुष्कर होते.

साधने पालटली, तरी खूण पाहून थांबू नये, मुळाशी ताडून पाहावे, हा दफ्तराचा धडा पालटलेला नाही.