गलबतावरचा संसार

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा मुक्काम मांडवगण फराटा येथे होता. गाव शिरूर तालुक्यातले. भीमेपलीकडे दौंड तालुका लागतो. दुपारच्या वेळी घरातील मंडळींस काही वाचून दाखवावे म्हणून अ‍ॅना ब्रासी या इंग्रज बाईंचे ‘सनबीम’ गलबतावरील प्रवासाचे पुस्तक आम्ही काढले व जमेल तसे मराठीत सांगू लागलो. नवरा, बायको आणि चार मुले शिडाच्या गलबतात बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली, एवढे सांगून होते न होते तोच एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, “अहो, पण चूल कुठे मांडली होती?” आम्ही हसलो. पुढे मात्र ओशाळलो. कारण इतकी वर्षे इतिहास शिकवूनही हा प्रश्न आम्हांस कधी सुचला नव्हता.

थॉमस ब्रासी हे पार्लमेंटचे सभासद. त्यांच्या वडिलांनी देशोदेशीच्या आगगाडीच्या रस्त्यांचे मक्ते घेऊन अपार द्रव्य मिळविले होते. १८७४ साली बांधलेले ‘सनबीम’ तीन डोलकाठ्यांचे, सुमारे ५३० टनांचे असून वारा पडल्यास उपयोगी पडावे म्हणून त्यावर वाफेचे यंत्रही होते. ६ जुलै १८७६ रोजी काउझ बंदर सोडून मॅगेलनची सामुद्रधुनी, ताहिती, हवाई, जपान, सिंहलद्वीप असा फेरा करीत ही मंडळी मे १८७७ मध्ये स्वदेशी परतली. पाहुणे, खलाशी, आचारी, दाया धरून माणसे चाळिसांवर. धाकटी मेरी निघताना जेमतेम सव्वा वर्षाची होती!

ताहितीची वनश्री, हवाई बेटातील किलाउएआचा धगधगता लाव्हा यांची वर्णने मनोहर आहेत खरी. परंतु आमचे श्रोते रमले ते निराळ्याच ठिकाणी. प्रवासाच्या आरंभीच एक प्रचंड लाट गलबतावर चढली. मुलगा कसाबसा आधार धरून वाचला आणि थोरल्या मुलीस एका कप्तानाने घट्ट धरून ठेवले म्हणून ती राहिली. पुढे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ‘मंक्सहेवन’ नावाचे कोळशाचे जहाज आतून पेटलेले आढळले. त्यावरील पंधरा माणसे ब्रासींनी आपल्या गलबतावर घेतली. भर समुद्रात घरी अकस्मात पंधरा पाहुणे! आणि चुलीचे म्हणाल तर एका रात्री मुलांच्या खोलीतील शेगडीत फाजील जळण पडून गलबतालाच आग लागली. दाईने दोन मुले दोन बगलांत घेऊन वर पळ काढला, म्हणून ती बचावली. घर समुद्रावर नेले तरी ते सांभाळणारे हात पगारीच होते, ही गोष्ट पुस्तकात बाई लपवीत नाहीत. तिची चर्चाही करीत नाहीत. स्वतः त्यांना मात्र बोट लागण्याचा त्रास कायमचा होता. वर्षावर्षाचा प्रवास असा सोसून त्यांनी हे लिहिले, याचे आम्हांस त्यांच्या धाडसाहून अधिक कौतुक वाटते.

पुस्तक १८७८ मध्ये निघाले आणि अफाट खपले. १८८७ च्या आरंभी हेच कुटुंब हिंदुस्थानात होते. त्याच फेब्रुवारीच्या २६ तारखेस अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. त्या १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्यांच्यासोबत घरचे कोणी नव्हते. चाळिसांवर माणसांचा लवाजमा घेऊन जाणारी ती बाई आणि एकटी जाणारी ही अठरा वर्षांची मुलगी! समुद्र तोच, पण ओलांडण्याची किंमत कोणास किती पडली, याचा हिशेब आपल्या इतिहासग्रंथांतून क्वचितच मांडलेला आढळतो.

‘सनबीम’ पुढे बोर्निओवरून ऑस्ट्रेलियास गेले. परतीच्या वाटेवर, १४ सप्टेंबर १८८७ रोजी, अ‍ॅना ब्रासी तापाने गलबतावरच वारल्या. वय सत्तेचाळीस. प्रेत समुद्रात सोडण्यात आले. पडवीत कोणी बोलेना. मग त्याच बाईंनी विचारले, “धाकटी तेव्हा केवढी होती?”

“बारा वर्षांची.”

हीच मेरी पुढे लेडी विलिंग्डन झाली. १९१३ साली पती मुंबईचे गव्हर्नर होऊन आले तेव्हा तीही आली; सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजास, १९१९ मध्ये, त्यांचेच नाव मिळाले. हे सारे आम्ही सांगत होतो खरे. बाईंचे लक्ष मात्र त्या बारा वर्षांच्या मुलीपाशीच अडून राहिले होते.