साखरपुड्याची साडी कोणी निवडली?

साखरपुडा हा शब्द सोडवून पाहिला की त्यात साखर सापडते आणि पुडा सापडतो. मुलगी सापडत नाही. मुलाकडची वडीलधारी मंडळी साखरेचा पुडा, नारळ आणि एक साडी घेऊन येत. दोन्ही घरांतले पुरुष पानसुपारी खात, याद्या करत आणि सोयरीक पक्की होई. मग मुलीला आतून बोलावत, पाटावर बसवत, कुंकू लावत, ओटी भरत आणि आणलेली साडी तिच्या हातात देत. तिचा रंग कोणता असावा, हे मुलीला कोणी विचारलेले नसे. आमच्या मुसलमान घरांत याला मंगनी म्हणतात, कोकणातल्या आमच्या गावात साखरपुडाही म्हणतात. रीत फारशी वेगळी नव्हती. निकाहाला मुलीचा होकार लागतोच, त्याशिवाय निकाह होत नाही. पण अंगावरच्या जोड्यासाठी तिचा होकार कोणी घेत नसे.

मी नाहूरला राहतो. भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले हे गाव. एका बाजूला मिठागरे आणि खाडी, दुसऱ्या बाजूला कारखाने, आणि आजूबाजूला आगरी-कोळी वस्त्या असा हा सगळा पट्टा होता. २००६ साली नाहूरला लोकलचे स्थानक झाले, कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या. लग्नसराईत इथे रविवारी फेरफटका मारला तर एखाद्या हॉलच्या दारात साखरपुड्याची पाटी दिसतेच. आत डोकावावे तर रंगांची जत्रा. कुणी पैठणीत, कुणी घागऱ्यात, कुणी शिवलेल्या नऊवारीत. नवरदेवाच्या अंगावर शेरवानी किंवा जोधपुरी, आणि त्याच रंगाचा काठ नवरीच्या ओढणीला. रेडिओवर बोलताना रंग दाखवता येत नाहीत, त्यांची नावेच घ्यावी लागतात. पण आपल्या भाषेत ती काय सुंदर आहेत! डाळिंबी, अबोली, मोतिया, आमसुली, गुलबक्षी, मोरपंखी, केतकी, शेवाळी. ही नावे मनात घोळवत मी एक प्रश्न स्वतःला विचारतो. हा रंग कोणी निवडला असेल?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निवडायला मुलगी मोठी तरी कुठे होती? परकर-पोलक्यातल्या आठ-दहा वर्षांच्या पोरीला काय नेसवायचे ते आईच ठरवणार. तिचे लग्नच तिच्या नकळत ठरायचे. याच मुंबईत रखमाबाई नावाच्या मुलीने, लहानपणी लावून दिलेले लग्न मानायला नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे ती म्हणाली. पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला त्यामागे या खटल्याने उठवलेले वादळही होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, १९७८ मध्ये ते १८ झाले. साखरपुड्याच्या कपड्यांचा इतिहास लिहायचा तर तो कापड दुकानापासून सुरू करून चालत नाही, या कायद्यांपासून सुरू करावा लागतो. परकरातली पोर जाऊन पाटावर बाई बसली, तेव्हा कुठे तिला काय आवडते हा प्रश्न निर्माण झाला.

कापडाला मात्र आपल्याकडे कधी तोटा नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने भारताच्या किनाऱ्याचे वर्णन करून ठेवले आहे. त्यात पैठण आणि तेर ही आपली दोन गावे आहेत, आणि तेरहून भडोचच्या बंदराकडे तलम कापड जात असल्याची नोंद आहे. पैठणी पुढची. रेशमाचे अंग, जरीचा पदर, त्यावर आसावलीची वेल, बांगडीमोर, मुनिया म्हणजे पोपट, आणि काठाला नारळी. माधवराव पेशव्यांनी आसावलीचे दुपट्टे मागवले तेव्हा रंगही कळवले होते असे सांगतात: तांबडा, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. पेशवे रंग सांगू शकत होते. त्यांच्या राज्यातल्या बहुतेक मुलींना तो सांगता येत नव्हता.

पैठणचे कसब पुढे येवल्याला गेले आणि तिथे रुजले. ही साडी कोणा एका जातीधर्माची नाही. मागावर साळी, कोष्टी, खत्री बसले, तसे मोमीनही बसले. लग्नातला शालू बनारसचा, आणि तो विणणारे बहुतेक अन्सारी मुसलमान. खणाच्या चोळीचा खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. १८५७ नंतर उत्तरेतून परागंदा झालेले कितीतरी विणकर मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात येऊन वसले. शब्दांकडेच पाहा ना. रेशीम, जरी, मखमल, अस्तर, बाजूबंद हे सगळे फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले की आज कोणाला ते परके वाटत नाहीत.

आता नेसण्याकडे वळू. आजच्या मुली साखरपुड्याला जी सहावारी नेसतात, तिच्या घड्यांत मुंबईचा हात आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. १८६४ च्या सुमारास त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आली, इथल्या पारशी बायकांची साडी तिने पाहिली आणि तिच्यात फेरफार करून बाहेर वावरायला सोयीची पद्धत बसवली. बंगालमधून ती देशभर पसरली. मराठी घरांत नऊवारी आणि कासोटा बराच काळ टिकला. पाचवारी, म्हणजे गोल साडी नेसणाऱ्या पहिल्या सुनांना पुष्कळ बोलणी खावी लागली. दुसरा हात राजा रविवर्मांचा. १८९४ मध्ये त्यांनी छापखाना काढला तो आमच्याच लाइनीवर, घाटकोपरला. नाहूरहून भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि मग घाटकोपर. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर भिंतीवर लागल्या. नटलेली बाई कशी दिसावी, हे त्या तसबिरींनी गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकदम दाखवले.

पण पाहणे आणि नेसणे यांत अंतर होते. दलित स्त्रीने लुगडे गुडघ्याच्या खाली सोडू नये, चांगले दागिने घालू नयेत, अशी गावची सक्ती होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, गळ्याहातातल्या जाड दागिन्यांवरून तुमची जात ओळखतात. ती खूण टाकून द्या, पायघोळ नेसा, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायकांनी त्याच मुक्कामात लुगड्याची ठेवण बदलली. महाडमधल्या सवर्ण घरांतल्या काही स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. नीट नेसणे ही काहींच्या दृष्टीने हौस असेल. इथे ते सत्याग्रहाचे अंग होते. म्हणून कोणी तुच्छतेने म्हणाले की या लोकांना कशाला हवेत एवढे भारी कपडे, तर मला महाडची ती लुगडी आठवतात.

पुरुषांनीही आपले कपडे बरेच बदलले. धोतर, कोट आणि पगडी किंवा काळी टोपी ही जुनी तऱ्हा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथे शेरवानी हिंदू-मुसलमान दोघांच्याही अंगावर असे. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड तिच्यासाठी नावाजलेले. सूत आणि रेशीम एकत्र विणून किनखाबाचा थाट कमी पैशात आणणारे ते कापड. दौलताबादला १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा ही कला दख्खनेत आली असे मानतात. आज नवरदेव भाड्याने आणलेली शेरवानी घालून वर कोल्हापुरी फेटा बांधतो, तेव्हा आपल्या डोक्यापासून पायापर्यंत किती राज्ये नांदताहेत, हे त्याच्या गावीही नसते.

मधली काही वर्षे टंचाईची गेली. १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले, कापड रेशनवर मिळू लागले. त्या काळात ज्यांचे साखरपुडे झाले त्या बायका मिळेल त्या कापडात उभ्या राहिल्या आणि त्यांचे संसार काही कमी झाले नाहीत. पुढे नायलॉन, टेरिलीन, टेरीकॉट आले. भांडुप-मुलुंडच्या कामगार घरांना हे कापड देवाने धाडल्यासारखे वाटले. धुवा, वाळवा, घाला. इस्त्रीची कटकट नाही. सत्तरीच्या दशकातल्या साखरपुड्यांच्या फोटोत मुलगा सफारीत आणि मुलगी नायलॉनच्या साडीत दिसते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि मुंबईचे कापड मुंबईत होण्याचे दिवस ओसरले.

मग पडद्याने निवड आपल्या हाती घेतली. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातला माधुरी दीक्षितचा जांभळा पोशाख शिंप्यांकडे फोटोसकट पोहोचू लागला. २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झाले आणि संध्याकाळच्या त्या कार्यक्रमाने पैठणी हा शब्द ज्या घरांनी कधी पैठणी पाहिली नव्हती तिथेही नेला. मागणी वाढली, तशी यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ आली. ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त दुकानदाराने खरी म्हणून गळ्यात मारू नये. उलटी करून पाहा: हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, यंत्राच्या साडीला मागे बहुधा सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. खऱ्या पैठणीला महिना लागतो, नक्षी दाट असली तर कित्येक महिने. तिची किंमत म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांची आणि पाठीची किंमत.

आणि खर्च? लग्नकार्यात उधळतात म्हणून गरीब कर्जात बुडतात, असे आपण सहज म्हणतो. १८७५ मध्ये सुपे भागात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने म्हटले, की कर्जाचे कारण म्हणून लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. शेतसारा, व्याज आणि पिकांचा भरवसा नसणे ही दुखणी मोठी होती. हे खरे, पण त्याच दशकात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने कमी खर्चाची लग्ने लावून दाखवली, हेही तितकेच खरे. गरिबाच्या हौसेला नावे ठेवू नयेत, आणि दुसऱ्याच्या हौसेपायी गरिबाला कर्जही काढायला लावू नये.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीचा साखरपुडा ठरला. वडिलांचा कारखाना बंद पडून वर्षे झालेली. मुलाकडून निरोप आला, आमच्या मुलाच्या शेरवानीला जुळेल असा घागरा घ्या, आणि दुकानही सुचवले. वडील बँकेतली ठेव मोडायला निघाले. मुलगी नोकरी करणारी. ती मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “काका, चार तास बसायचंय, जेवायचंय, सगळ्यांच्या पाया पडायचंय. तो घागरा उचलायलाच दोन माणसं लागतील.” तिने आपल्या पगारातून एक माहेश्वरी साडी घेतली, आमसुली रंगाची. मुलाला तिने स्वतः फोन करून सांगितले. पलीकडे दोन दिवस शांतता होती, मग त्यानेच शेरवानी रद्द करून साधा रेशमी कुर्ता घेतला. माहेश्वरीचे माग अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने उभे राहिले, हे त्या मुलीला माहीत नव्हते. माहीत असायची गरजही नव्हती. तिने रंग पाहिला, पोत पाहिला, वजन पाहिले आणि स्वतःचा खिसा पाहिला.

चांगले कपडे निवडायचे म्हणजे याहून वेगळे काय करायचे असते? उन्हाळ्याच्या साखरपुड्याला मखमल नको, दिवसाच्या उजेडात फार चमचम नको. पुन्हा चार वेळा नेसता येईल असे घ्यावे. ब्लाउज दोन आठवडे आधी शिवून घालून पाहावा, कारण शिंपी ऐनवेळी कोणाचाच नसतो. भाड्याने आणले तरी त्यात लाज नाही. आणि विकत घेणार असाल तर विणणारा कुठला, हे एकदा दुकानदाराला विचारावे.

एवढे सगळे पाहून झाले की शेवटी गठ्ठा मुलीसमोर उलगडावा आणि जरा गप्प बसावे. तिचा हात ज्या साडीवर रेंगाळेल, ती बांधून घ्यावी.