वर्गणी एकदाच कापली जावी यासाठी : ऑनलाइन आकारणी सेवेची क्लायंट लायब्ररी

दरमहा अथवा दरवर्षी ठराविक रक्कम घेऊन सेवा पुरविणाऱ्या कंपन्या वर्गणीची वसुली बहुधा स्वतः करीत नाहीत. चित्रपट दाखविणारी संकेतस्थळे, वृत्तपत्रांच्या इंटरनेट आवृत्त्या, हिशेबाची सॉफ्टवेअर पुरविणारे उद्योग अशा अनेकांचे हे काम स्वतंत्र आकारणी सेवेकडे सोपविलेले असते. पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या आयरिश बंधूंनी २०१० मध्ये स्थापन केलेली व सप्टेंबर २०११ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘स्ट्राइप’ ही अशा सेवांपैकी एक होय. २०११ मध्ये चेन्नईत सुरू झालेली ‘चार्जबी’ ही कंपनीही याच क्षेत्रातील आहे. वर्गणीदार कंपनीच्या संगणकाने या सेवेशी संवाद कसा साधावा, यासाठी तयार आज्ञावलींचा एक संच सेवेकडूनच दिला जातो. त्यास ‘क्लायंट लायब्ररी’ असे म्हणतात. प्रस्तुत माहिती मुख्यतः स्ट्राइपच्या लायब्ररीच्या आधारे दिली आहे.

लायब्ररी या शब्दाचा येथे ग्रंथालयाशी संबंध नाही. रुबी, पायथन, पीएचपी, जावा, नोड, गो व डॉट नेट या प्रत्येकासाठी स्ट्राइपचा स्वतंत्र संच असून तो विनामूल्य व मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. गुप्त किल्ली जोडून विनंती पाठविणे, आलेले उत्तर उलगडणे, लांबलचक याद्या टप्प्याटप्प्याने मागविणे ही कामे तो करतो. ही सोय मोठी असली, तरी लायब्ररीचे खरे महत्त्व त्यात नाही. आकारणीच्या व्यवहारात संपर्क मध्येच तुटला तर काय करावे, हा कळीचा प्रश्न आहे.

समजा, एका ग्राहकाकडून ४९९ रुपये घ्यावेत अशी विनंती कंपनीच्या संगणकाने पाठविली. आकारणी सेवेने ती स्वीकारली, बँकेकडून रक्कम घेतली आणि उत्तर पाठविले. परंतु ते उत्तर वाटेत हरवले. आता कंपनीच्या बाजूने पाहता रक्कम घेतली गेली की नाही, हे कळण्यास मार्ग नाही. पुन्हा विनंती करावी तर ग्राहकाचे पैसे दोनदा जाण्याची भीती, न करावी तर पैसे भरूनही सेवा बंद पडण्याची भीती. इंटरनेटवर असे प्रसंग अपवादात्मक नसतात. रोज हजारो व्यवहार करणाऱ्या कंपनीला ते गृहीतच धरावे लागतात.

यावर योजलेला उपाय ‘आयडेम्पोटन्सी की’ या नावाने ओळखला जातो. नाव बोजड असले तरी कल्पना धनादेशाच्या क्रमांकासारखी आहे. एकाच क्रमांकाचा धनादेश दोनदा पुढे आला, तरी बँक पैसे एकदाच देते. त्याचप्रमाणे प्रत्येक विनंतीसोबत एक अद्वितीय खूण पाठविली जाते. तीच खूण पुन्हा आल्यास स्ट्राइप नव्याने आकारणी न करता पहिल्या वेळचे उत्तर जसेच्या तसे परत करते, मग ते उत्तर यशाचे असो वा अपयशाचे. त्याच खुणेसह वेगळी रक्कम पाठविल्यास विनंती नाकारली जाते. या खुणा किमान २४ तास जपून ठेवल्या जातात.

लायब्ररी ही खूण स्वतः निर्माण करून पुनःप्रयत्न करू शकते. दोन प्रयत्नांमधील अंतर प्रत्येक वेळी वाढविले जाते व त्यात थोडी यादृच्छिकता ठेवली जाते, अन्यथा सेवा क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होताच सर्व संगणक एकाच वेळी तिच्यावर तुटून पडतील. मात्र येथे एक मर्यादा आहे व अनेक आज्ञावलीकारांच्या ती लक्षात येत नाही. लायब्ररीने तयार केलेली खूण केवळ तिच्या स्वतःच्या पुनःप्रयत्नांना संरक्षण देते. ग्राहकाने अधीर होऊन बटण दुसऱ्यांदा दाबले, किंवा कंपनीचा संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर नवी खूण तयार होते आणि सेवेच्या दृष्टीने तो नवा व्यवहार ठरतो. म्हणून खूण कंपनीच्या स्वतःच्या मागणी क्रमांकावरून तयार करणे अधिक सुरक्षित होय. त्यासाठी चार ओळी अधिक लिहाव्या लागतात, एवढेच.

रकमेच्या बाबतीतही दक्षता आवश्यक असते. स्ट्राइपकडे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात व पूर्णांकात पाठवावी लागते. म्हणजे ४९९ रुपयांसाठी ४९९०० पैसे. जपानी येनला असे लहान एकक नसल्याने ५०० येन हे ५०० असेच लिहावे लागतात. हा भेद विसरल्यास आकारणी शंभरपटीने चुकते आणि लायब्ररी त्याबद्दल काहीही बोलत नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही संख्या वैधच असतात.

वर्गणीतील बहुतेक घडामोडी कोणी संगणकासमोर नसताना होतात. मध्यरात्री नूतनीकरण होते, कार्डाची मुदत संपते, बँक रक्कम नाकारते. अशा वेळी आकारणी सेवाच कंपनीला सूचना धाडते. तिला ‘वेबहुक’ म्हणतात. ही सूचना खरोखर सेवेकडूनच आली आहे, हे स्वाक्षरी व वेळ तपासून लायब्ररी पडताळते. पाच मिनिटांहून जुनी स्वाक्षरी ती सहसा अमान्य करते. सूचना पोहोचली नाही, तर स्ट्राइप तीन दिवसांपर्यंत पुन्हा प्रयत्न करते. परिणामी एकच सूचना दोनदा येऊ शकते, तसेच सूचनांचा क्रम पुढेमागे होऊ शकतो. तेव्हा ‘पैसे मिळाले’ ही सूचना दुसऱ्यांदा आली म्हणून ग्राहकास आणखी एक महिना देऊ नये, याची तजवीज कंपनीनेच करावयाची असते.

भारतात या विषयाला आणखी एक पैलू आहे. कार्ड एकदा नोंदले की पुढील रक्कम निमूटपणे कापता येते, या गृहीतावर परदेशी आकारणी सेवांची जुनी रचना उभी होती. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मधील परिपत्रकाने कार्डावरील आवर्ती व्यवहारांसाठी वेगळी चौकट आखली. नोंदणीच्या वेळी ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी, प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी पूर्वसूचना आणि ठराविक मर्यादेपलीकडील रकमेस दर वेळी ग्राहकाची संमती अशा अटी तीत होत्या. ही चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाली, त्या वेळी मर्यादा ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता व क्रेडिट कार्डाचे देयक यांसाठी ती एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अनेक भारतीय ग्राहकांच्या परदेशी सेवांच्या वर्गण्या खंडित झाल्या, त्या याच बदलामुळे.

लायब्ररी वापरणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की ‘यश’ व ‘अपयश’ ही दोनच उत्तरे पुरेशी उरली नाहीत. ‘ग्राहकाच्या कृतीची प्रतीक्षा’ व ‘प्रक्रियेत’ या स्थितीही आज्ञावलीत हाताळाव्या लागतात. युरोपातील पडताळणीच्या नियमांमुळेही, जे १४ सप्टेंबर २०१९ पासून अमलात येऊ लागले, स्ट्राइपने आपली रचना याच दिशेने बदलली. पहिलेच देयक अपूर्ण राहिल्यास स्ट्राइप सुमारे २३ तास वाट पाहून ती वर्गणी रद्दबातल ठरविते. रक्कम ‘प्रक्रियेत’ असताना तिला अपयश समजून ग्राहकाची सेवा बंद करणे ही भारतीय ग्राहकाच्या वाट्यास येणारी चूक या भेदाकडे दुर्लक्ष केल्यानेच घडते.

या सर्वांची चाचणी खऱ्या पैशांविना करता येते. त्यासाठी वेगळी किल्ली व खोटी कार्डे असतात. शिवाय चाचणीचे घड्याळ पुढे सरकवून वर्षभराच्या नूतनीकरणांचे निरीक्षण काही मिनिटांत करता येते. ३१ जानेवारीस सुरू झालेली मासिक वर्गणी २८ फेब्रुवारीस व त्यानंतर पुन्हा ३१ मार्चला आकारली जाते, हे त्यावर पाहून घ्यावे. हा हिशेब स्वतः लिहू पाहणारे हमखास चुकतात.

लायब्ररीची नवी आवृत्ती घेताना बदलांची यादी वाचणे अगत्याचे आहे. स्ट्राइपच्या आवृत्त्यांना दिनांकाची व २०२४ पासून त्यासोबत वनस्पतींचीही नावे दिली जातात. ३१ मार्च २०२५ च्या ‘बेसिल’ या आवृत्तीत वर्गणीचा चालू कालावधी केव्हा संपतो ही नोंद वर्गणीच्या मूळ नोंदीतून काढून तिच्यातील प्रत्येक बाबीकडे हलविण्यात आली. एका वर्गणीत निरनिराळ्या मुदतीच्या बाबी असू शकतात, हे त्यामागील कारण. ज्या आज्ञावली जुन्या जागीच ती तारीख शोधतात, त्यांना नव्या आवृत्तीत ती सापडत नाही. आणि तारीख नाही म्हणजे वर्गणी संपली असा अर्थ जर आज्ञावलीने काढला, तर पैसे भरलेल्या ग्राहकापुढेही दार बंद होते.